तुमच्याकडे बारा महिने उन्हाळाच ना?

हॅम्बर्गमध्ये नोव्हेंबर लागला की ऑफिसात, शेजारीपाजारी, मुलांच्या शाळेत कुणीतरी विचारतंच, “तुम्ही गरम देशातले, तुम्हाला ही थंडी सोसते कशी?” पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: “तुमच्याकडे बारा महिने उन्हाळा, आणि पावसाळ्यात चार महिने नुसती संततधार, असंच ना?” हल्ली इथे वाढलेली आपली मराठी मुलंही हेच विचारू लागली आहेत. म्हणून तुम्ही विचारलंतच तर नीट सांगते.

लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मेघालयातल्या मावसिनरामला ११,००० च्या वर. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा आपल्याकडे दिवाळी होऊन शेकोट्या पेटलेल्या असतात. पण एवढ्या लांब जायची गरजच नाही. माझा एकटा सातारा जिल्हा पुरेसा आहे.

मी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत मोजलं तर आमचा भाग जेमतेम १०० किलोमीटर पूर्वेला, आणि आमच्याकडे पडतो ५०० च्या आसपास. हॅम्बर्गला साधारण साडेसातशे. म्हणजे ज्या शहरातली माणसं मला “तुमच्याकडे किती पाऊस!” म्हणतात, त्यांच्याकडेच माझ्या गावापेक्षा जास्त पाऊस पडतो. फरक इतकाच की इथे तो बारा महिने थोडाथोडा वाटून येतो. आमच्याकडे थोड्याच दिवसांत काय पडेल ते, आणि त्यावर वर्ष काढायचं.

हे सगळं सह्याद्रीमुळे. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा घाट चढताना थंड होतो आणि आपलं पाणी पश्चिमेच्या उतारावर आणि माथ्यावर ओतून मोकळा होतो. पूर्वेकडे उतरताना तोच वारा तापतो, कोरडा होतो. जुलैत आमच्या माळावर भन्नाट वारं सुटतं, ढग रोज डोक्यावरून जातात, आणि खाली पडते ती नुसती भुरभूर. कोकणातला माणूस त्याच दिवसांत इरलं-छत्रीशिवाय अंगणात येऊ शकत नाही. आमच्याकडे पेरलेली बाजरी मान टाकायला लागलेली असते आणि म्हातारी माणसं ओट्यावर बसून आभाळ बघत असतात. ते बघणं मी लहानपणापासून पाहिलंय, आणि “संततधार” हा शब्द ऐकला की मला तेच आठवतं.

आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा. त्या पावसाची ओल काळ्या जमिनीत मुरली की तिच्यावर शाळू येतो, थंडीभर दवावर वाढतो. फलटण-माणकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात चारापाणी मिळतं आणि तिथल्या शेतकऱ्यांना खत. पुढचा पाऊस तोंडावर आला की परत फिरतात, कारण कोकणातली ओल मेंढरांना सोसत नाही. हवामानाचं इतकं बारीक ज्ञान असलेल्या माणसांच्या प्रदेशाला कुणी “गरम देश” म्हणून मोकळं झालं की मला खरंच वाईट वाटतं.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४० च्या घरात जातो, चंद्रपूरला त्याच्याही बराच वर. पण माणदेशातली हवा कोरडी. दिवस मावळला की वारं सुटतं, माणसं अंथरुणं घेऊन गच्चीवर जातात आणि पहाटे चक्क गोधडी ओढून घेतात. मुंबईत पारा कमी दाखवतो, पण घाम वाळत नाही, तिथली रात्र जास्त जड. आणि २० जुलै २०२२ ला हॅम्बर्गमध्ये तापमान ४०.१ अंशांवर गेलं, तेव्हा माझ्या घरात माझी जी तगमग झाली ती गावी कधी झाली नव्हती. इथली घरं ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली, छताला पंखा नाही, माठ नाही.

थंडीचंही तसंच. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आमच्याकडे जानेवारीत पहाटे दहाच्याही खाली जातं, आणि घर तापवायची काही सोय नसते. बाहेर जेवढी थंडी, तेवढीच आत. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय टेकवून बघा. हॅम्बर्गमध्ये बाहेर बर्फ असतो, पण घरात मी सुती कपड्यांत वावरते. त्यामुळे “थंडी सोसते कशी?” याचं माझं उत्तर असं, की थंडी मी गावाकडेच जास्त सोसली आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून जमत नाही. पाऊस आला की इथे सगळे “हवा खराब आहे” म्हणतात, आणि मला हो म्हणवत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत माणसं जनावरांबरोबर मुक्कामाला होती. आता उरमोडी धरणाचं पाणी उचलून खटाव-माणपर्यंत आणलं आहे. म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस पंपांनी चढवून पूर्वेला न्यायचा. ते पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा बायकांनी त्याची ओटी भरली असं आईने फोनवर सांगितलं होतं.

कोणत्या महिन्यात यावं, हेही तुम्ही विचारता. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. कास पठारावर फुलं असतील, महाबळेश्वरला धुकं आणि पाऊस. तिथून पाचगणीचा घाट उतरून वाई, सातारा करत दहिवडीला जा. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. वाटेत हिरवा रंग कुठे विरळ होतो, भात कुठे संपतो आणि बाजरी कुठे सुरू होते, तेवढं खिडकीतून बघत या. छत्री असू द्या, पण आमच्याकडे ती उघडावी लागली तर घरचे सगळे खुश होतील.