मागच्या गाडीवाल्याला तुमची वाट कळली पाहिजे

रोज सायकलने कामावर जायचं ठरलं की पहिली खरेदी बहुधा हेल्मेटची होते. ती करावीच. पण हेल्मेट कामाला येतं ते पडल्यावर. पडायची वेळच कमी यावी यासाठी सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट दुकानात मिळत नाही. आपण रस्त्याच्या कुठल्या पट्ट्यातून चाललो आहोत आणि पुढच्या काही सेकंदांत कुठे वळणार आहोत, हे मागून येणाऱ्याला आधीच कळलं पाहिजे.

नवशिका माणूस भीतीपोटी रस्त्याच्या अगदी कडेला चिकटतो. तिथेच काचा, खडी, गटारांच्या जाळ्या आणि फुटपाथवरून अचानक खाली उतरणारी माणसं असतात. यातलं काही समोर आलं की सायकल एकदम रस्त्याच्या मधोमध येते आणि मागच्या गाडीवाल्याला ते अनपेक्षित असतं. म्हणून कडेपासून पाऊण ते एक मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना हँडलचं टोक गाड्यांपासून सव्वा ते दीड मीटर दूर हवं, कारण चारचाकीचा दरवाजा पूर्ण उघडला की एक मीटरभर जागा खातो. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुढच्या गाडीपाशी पुन्हा बाहेर यावंच लागतं, आणि त्या क्षणी तुम्ही मागच्यांना नव्याने दिसता. रस्ता इतका अरुंद असेल की गाडी तुम्हाला घासूनच पुढे जाईल, तर तेवढा टप्पा लेनच्या मध्यातून चालवा. रुंदी मिळाली की लगेच बाजूला या. हा आगाऊपणा नाही. जागा नाही हे मागच्याला लांबूनच कळतं आणि तो घुसायचा प्रयत्न करत नाही.

सगळ्यात घातक जागा म्हणजे चौकात वळणाऱ्या ट्रकची किंवा बसची आतली बाजू. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून जात नाहीत, ती आतून कापत येतात. सुरुवातीला बाजूला भरपूर जागा दिसते आणि वळण पूर्ण होता होता ती संपते. ट्रक सिग्नलला उभा असेल तर त्याच्या मागेच थांबा. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि चेहरा दिसला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं, असंही नाही.

उलट्या बाजूने चालवणाऱ्यांचा एक समज असतो की समोरून गाड्या दिसतात, म्हणून बरं. हिशोब करून पाहा. तुमचा वेग ताशी २० किलोमीटर आणि गाडीचा ४०. एकाच दिशेने जाताना अंतर ताशी २० च्या वेगाने कमी होतं, समोरासमोर ६० च्या. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा माणूस ज्या बाजूने वाहनं येतात तिकडेच पाहतो. तुम्ही असता त्याच्या पाठीमागे.

वळण्याआधी मागे पाहणं हा सवयीचा भाग आहे. मोकळ्या मैदानात एक रेघ धरून तो सराव करा. हनुवटी खांद्यापर्यंत नेली की हँडल त्याच बाजूला वळायला लागतं. कोपर सैल ठेवलं तर ते थांबतं. क्रम असा: आधी मागे बघणं, मग हात दाखवणं, मग पुन्हा एकदा मागे बघून सरकणं. प्रत्यक्ष वळताना दोन्ही हात ब्रेकवर हवेत, त्यामुळे हाताची खूण तीनेक सेकंद आधीच उरकलेली बरी.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चुकीचा सल्ला फार फिरतो. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उलटतो, म्हणून मागचाच वापरावा, असं अनेकांना शिकवलेलं असतं. खरं तर थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं आणि सायकल फारशी थांबत नाही. थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो एकदम आवळायचा नाही. दाब वाढवत न्यायचा, हात ताठ ठेवायचे, बूड सीटच्या मागच्या कडेला सरकवायचं आणि सोबत मागचा ब्रेक हलका धरायचा. ताशी २० च्या वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. धोका दिसून बोटं दाबेपर्यंत एवढं अंतर संपलेलंच असतं, म्हणून गर्दीत दोन बोटं कायम ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा.

पावसात रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर, दाबणारा ब्रेक लावला की चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. चौक यायच्या आधीच ब्रेक हलके लावून रिम कोरडी करून घ्या. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी. ओल्या लोखंडी झाकणांवर, रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि पाचोळ्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको, सरळ पार व्हा. रुळ ओलांडताना शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर चाक खाचेत अडकतं. खूप दिवसांच्या कोरड्या हवेनंतरचा पहिला पाऊस सगळ्यात निसरडा असतो, कारण साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते.

आठवड्यातून एकदा ब्रेक तपासायला दोन मिनिटं पुरतात. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलपर्यंत येत असेल तर केबल सैल झाली आहे. लिव्हरपाशी जिथून केबल निघते, तिथला गोल स्क्रू थोडा बाहेर फिरवला की ती ताणली जाते. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. रबर रिमवरच बसतंय ना, टायरला घासत नाही ना, हे जरूर पाहा. घासत असेल तर टायरची भिंत हळूहळू कापली जाते आणि एक दिवस ट्यूब फुटते.

दिसण्याच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवा. भडक पिवळं जाकीट दिवसा उठून दिसतं, पण रात्री त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. रात्री परावर्तक पट्टी चमकते, तीही गाडीच्या दिव्याचा झोत पडला तरच. ती पट्टी पाठीपेक्षा घोट्याला बांधली तर जास्त लवकर लक्ष जातं, कारण पाय वरखाली होतो आणि हा सायकलस्वार आहे हे चालकाला पटकन उमगतं. दिवे पुढे पांढरा, मागे लाल. उजेड असलेल्या रस्त्यावर दिसण्यापुरता पुढचा दिवा १०० ल्यूमेनचा चालतो, अंधारात खड्डे दिसायला ३०० ते ४०० हवेत. झोत खाली रस्त्यावर पाडा. समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर तो तुम्हाला पाहूच शकत नाही. मागचा दिवा नुसता लुकलुकता असेल तर अंतराचा अंदाज चुकतो, एक स्थिर दिवा सोबत असावा. पिशवी किंवा कोटाच्या टोकाखाली तो झाकला जात नाही ना, हे एकदा दुसऱ्याला मागे उभं करून बघा.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे कललेलं नको. पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात जुळावेत आणि हनुवटीखाली एकदोन बोटंच जावीत. एकदा जोराचा आपटा बसला की आतला फोम दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून धड दिसलं तरी ते हेल्मेट टाकून द्या.

पायी चालणाऱ्यांशी वागण्यात सायकलवाले बरेचदा तेच करतात, ज्याबद्दल गाडीवाल्यांना नावं ठेवतात. घंटी आठ-दहा मीटर आधी वाजवा, पाठीला येऊन नाही. लहान मूल किंवा कुत्रा असेल तर चालण्याच्या वेगावर या, ते कुठे उडी घेतील सांगता येत नाही. झेब्रावर माणूस असेल तर पाय टेकून थांबा. सिग्नलला आधीपासून उभ्या असलेल्या सायकलस्वाराच्या पुढे जाऊन उभं राहू नका, हिरवा झाल्यावर त्याला पुन्हा तुम्हाला ओलांडावं लागतं. कानात हेडफोन नकोत. मागून येणारी गाडी डोळ्यांच्या आधी कानाला कळते.

सामान पाठीवर घेण्यापेक्षा कॅरिअरवर किंवा त्याच्या बाजूच्या पिशव्यांत बरं. तोल खाली राहतो, पाठही घामेजत नाही. पिशवी मागे सरकवून बांधा, नाहीतर पॅडल मारताना टाच आपटते. लोंबणारा एकही पट्टा, मफलर किंवा ओढणीचं टोक चाकाजवळ राहू देऊ नका. चेनच्या बाजूचा पायजमा क्लिपने आवळा.

टायरवर हवेचा दाब छापलेला असतो, त्या मर्यादेत राहा. ३२ मिमी रुंद टायरला साधारण ५० ते ७० पीएसआय, आणि मागच्या चाकावर वजन जास्त म्हणून मागे थोडा अधिक. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते, आठवड्यातून एकदा भरावीच लागते. हवा कमी असताना खड्डा बसला की ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा काच समजा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवून तो काटा काढा. हे न केल्यामुळे दुसरी ट्यूबही तिथल्या तिथे जाते. सोबत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप आणि ॲलन कींचा (षटकोनी चाव्यांचा) संच ठेवा, त्याहून जास्त ओझं रोज नको. चालताना पुढचं चाक बसलं तर पुढच्या ब्रेकला हात लावू नका, मागच्याने हळूहळू थांबा.

चेनची झीज बारा इंची पट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदला. आठवा भाग होईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे, दातही गेलेले असतात, मग दोन्ही बदलावं लागतं. तेल प्रत्येक कडीवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवून मुरू द्यायचं आणि वरचं सगळं पुसून टाकायचं. वर राहिलेलं तेल धूळ ओढतं.

कुलूप यू-आकाराचं घ्या, केबलचं कटरने क्षणात तुटतं. सांगाड्याचा मागचा त्रिकोण आणि मागचं चाक एकत्र घेऊन पक्क्या खांबाला अडकवा, खांब वरून सायकल उचलून काढता येईल इतका ठेंगणा नको. कुलपाच्या आत मोकळी जागा जितकी कमी, तितकी पहार घालायला अडचण. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय हातानेच सुटणारं, असेल तर ते वेगळ्या साखळीने बांधा. दिवे आणि पंप काढून सोबत न्या. सांगाड्यावरचा नंबर बहुधा पॅडलच्या दांड्याखाली कोरलेला असतो, सायकल उलटी करून त्याचा आजच फोटो काढून ठेवा.