पगडीतून जाणारी रेघ

काका फोनवरच म्हणाले, अठराव्या शतकातलं हाताने रंगवलेलं मुंबईचं चित्र आहे, आजोबांनी चोरबाजारातून घेतलेलं, मधोमध चीर गेलीये तेवढी मिटवून द्या. मी जुन्या कागदांची दुरुस्ती करते, त्यामुळे असं काही ऐकलं की मनातल्या मनात त्याच्या वयातून एक शतक आधीच कमी करून टाकते.

फ्रेम उघडण्यातच सकाळ गेली, कारण फ्रेमवाल्याने चारही कडांना सेलोटेप मारलेली आणि मागे स्वस्तातला पुठ्ठा, ज्याच्या आम्लाने कागद कडेकडेने तपकिरी पडलेला. (या लोकांना काचेची किंमत कळते, कागदाची नाही.) पुठ्ठा सुटला तर मागे इंग्रजी मजकुराचे कॉलम! 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाचं पान, १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला तेव्हाचं. रस्ता, दुतर्फा गर्दी, घोडागाड्या, सज्जात बायका.

आणि ती चीर म्हणजे चीर नव्हतीच. भिंगाखाली बघितलं तर कागदाचा एक धागा तुटलेला नाही, फक्त शाई तिथे थांबते आणि केसभर पुढे परत सुरू होते. ही चित्रं बॉक्सवुड नावाच्या लाकडाच्या आडव्या छेदावर कोरून त्यावरून छापायचे, त्या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला बरेच तुकडे मागून बोल्टने जोडायचे. अख्ख्या ठोकळ्यावर चित्र काढून झालं की बोल्ट सोडून एकेक तुकडा वेगळ्या कारागिराला द्यायचा, म्हणजे अंक वेळेत निघतो, मग परत आवळून सांध्यावरच्या रेषा एकमेकींना जुळवून घ्यायच्या. इथे एका माणसाची पगडी बरोबर सांध्यावर आलेली, डावीकडची छटा दाट, उजवीकडची विरळ. म्हणजे मुंबईच्या एका पगडीवर लंडनमधले दोन हात! मी काकांना हे इतक्या उत्साहाने दाखवलं की माझंच मला हसू आलं.

काका म्हणाले, "ते सगळं ठीक आहे ताई, पण दिसायला वाईट दिसतं. मिटवा."

वर रंगही नंतरचा. साप्ताहिकाने ते पान काळ्या शाईतच छापलेलं, आणि गुलाबी रंग चक्क बुरशीच्या डागांवरून गेलेला, म्हणजे डाग आधी पडले, रंग मागाहून. मी रिपोर्टात तसं लिहिलं. तेव्हा कळलं की घरात वाटणी चाललीये, चित्राची किंमत काढायचीये, त्यामुळे काकांना ते वाक्य नको होतं. मी ठेवलं. रेघेलाही हात लावला नाही, स्वच्छ केलं, जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने कडा सांधल्या, बस.

पैसे त्यांनी पूर्ण दिले, कुरकूर नाही. रिपोर्ट मात्र टेबलावरच राहिला, विसरले असं मला वाटत नाही. जाताना विचारत होते, रेघ भरून देणारा कोणी ओळखीचा आहे का. दोघं आहेत, मी एकाचंही नाव सांगितलं नाही. चित्र त्यांचं, भिंत त्यांची, हे मलाही कळतं, तरी अजून नंबर पाठवावासा वाटत नाही.