तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: त्या प्रेसला मी हात का लावला

“नाना, गळामा माळ शे, मंग गोयासना मशीनले हात कसाले लाया?”

म्हणजे, गळ्यात माळ आहे, मग गोळ्यांच्या मशीनला हात कशाला लावला? हे मी पहिल्यांदा ऐकलं ते अमळनेरात, बोरी नदीच्या पात्रात, सखाराम महाराजांच्या वैशाखी यात्रेत. विचारणारा माझ्याच दिंडीतला. मुलानं अमेरिकेतून घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो तोवर गावभर झाला होता. शेजाऱ्याच्या गॅरेजात मी उभा, गळ्यात तुळशीची माळ, हातात मायक्रोमीटर, आणि समोर काडतुसं भरायची हातप्रेस. त्यानंतर लग्नात, मयतीला, कटिंगच्या दुकानात, जिथं जाईन तिथं हेच. कुणी हसत विचारतो, कुणी खरोखर दुखावून. आता एकदाच लिहून ठेवतो.

आधी माझं भांडण ऐका. वरणगावला 1964 पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. माझा साडू तिथं आयुष्यभर राहिला, त्याच्याही गळ्यात माळ, दर एकादशीचा उपास. त्याला कुणी कधी विचारलं का? तुमच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की फवारणीचे पंप घेऊन तुम्ही माझ्याच दारात येता. वॉशर बदलून, नोझल साफ करून पंप मी चालू करून देतो, आणि संध्याकाळपर्यंत वावरात किती जीव मरतात ते तुम्हालाही माहीत आणि मलाही. रानडुकरांसाठी रात्री कुंपणात करंट सोडणारे दोघे-तिघे तर मला हा प्रश्न विचारणाऱ्यांतच आहेत. त्यांची नावं घेत नाही. पण प्रश्न फक्त मलाच का, हे मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं खरं आहे. पण हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, हेही मला कळतं.

2018 च्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघं मुलाकडे गेलो, पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या बाहेर. मुलगा-सून कामाला, नात शाळेत. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस खिडकीत बसून किती दिवस काढेल? शेजारी एक पंचाहत्तरी ओलांडलेला गृहस्थ राहायचा, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्या गॅरेजचं शटर वर असलं की आतला साऊथ बेंडचा नऊ इंची लेथ दिसायचा. मी दोन दिवस लांबून पाहिला, तिसऱ्या दिवशी आत गेलो. माझं इंग्रजी तोडकं, पण इंच, सूत आणि थाऊ (इंचाचा हजारावा भाग) एवढ्यावर दोन कारागिरांचं भागतं.

तिथंच बाकावर ती प्रेस होती. पन्नासेक वर्षांची, बिडाची बॉडी, इंग्रजी ओ अक्षरासारखी. दांडा खाली ओढला की दोन पट्ट्यांच्या जोडणीवरून रॅम, म्हणजे मधला उभा गज, वर चढतो, रॅमच्या टोकाला धरलेली वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाची रिकामी नळी, वरच्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, शिरते, बारामुळं फुगलेली केस परत मापात येते आणि बुडातली ठिणगी पाडणारी, आता जळालेली टोपी खाली पडते. पुढं नवी टोपी, दारू, वर गोळी. डायचे आटे सात अष्टमांश इंचाचे, इंचाला चौदा. हे माप तिथल्या बहुतेक कंपन्यांचं एकच, म्हणून एकाची डाय दुसऱ्याच्या प्रेसवर चढते. त्याच्या डाय आरसीबीएसच्या हिरव्या डबीत होत्या. त्या चार अक्षरांचा अर्थ त्यानंच सांगितला. 1943 साली कॅलिफोर्नियात ती कंपनी सुरू झाली ती रॉक चक नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याला मारायच्या बारीक गोळ्या घडवण्याच्या डायपासून. नावातला आर आणि सी त्या प्राण्याचा. हे मी मान हलवत ऐकलं. लक्षात ठेवा, कारण पुढं मला यावरच यायचं आहे.

त्याची तक्रार अशी, की दहातल्या दोन-तीन काडतुसांवर रायफलचा मागून बंद होणारा बोल्ट बसत नाही. मी दांडा धरून हलवला आणि तिथंच रोग हाताला लागला. रॅम वरच्या टोकाला दर खेपेला एकाच उंचीवर थांबत नव्हता, कधी एक थाऊ कमी, कधी चार. केसचा खांदा, म्हणजे मानेखालची उतरण, त्या हिशेबानं कधी पुरता मागं बसायचा, कधी नाही. पट्ट्यांच्या पिना अर्ध्या इंचाच्या, पण एका अंगानं बारा थाऊ खाल्लेल्या. भोकं अंड्यासारखी लांबट. आणि का? जळालेल्या टोपीची राख वर्षानुवर्षं रॅमवरून त्याच जोडणीत पडत होती. बोटांत चोळून पाहिली, काचेच्या भुकटीसारखी करकरीत. त्यावर त्यानं इमानानं तेल सोडलेलं. राख आणि तेल मिळून घासायची पेस्टच तयार होते की! आपल्याकडच्या थ्रेशरच्या बेअरिंगमध्ये धूळ आणि ग्रीस मिळून जे करतात तेच.

कारागीर नसलेल्यांना इथं एक सांगतो. अशा लांबट भोकात सरळ रिमर, म्हणजे भोक मापात तासायचं हत्यार, घालू नये. रिमर जुन्या भोकाच्या मागं जातो, जिकडं झिजलंय तिकडंच सरकतो, आणि भोक गोल होतं पण जागा चुकते. दोन पट्ट्यांवरच्या भोकांमधलं अंतर एकमेकांहून केसभर जरी वेगळं झालं तरी रॅम बाजूला ढकलला जातो. मी दोन्ही पट्ट्या एकावर एक बांधल्या, भोकाच्या न झिजलेल्या कडेवरून मध्य धरला, लेथवर बोअर करून पाच अष्टमांश केलं. त्यात ब्राँझचे बुश, म्हणजे भोकात बसवायच्या छोट्या नळ्या, एक थाऊ जास्तीचे, वाईसमध्ये सावकाश दाबून बसवले. दाबल्यावर बुश आतून आवळतो, तेव्हा कुठं अर्ध्या इंचाचा रिमर फिरवला. पिना नव्या केल्या. रॅम ज्यातून सरकतो त्या बॉडीतल्या बोअरला हात लावला नाही. तो वरच्या तोंडाला थोडा खाल्लेला होता, पण केस डायमध्ये आपला मध्य आपणच शोधते, आणि बिडाच्या जुन्या बॉडीत उगाच बोअर मारणं मला पटत नाही. झीज व्हायचीच असेल तर बुशची व्हावी, तो पुन्हा करता येतो. शेवटी राख जोडणीत पडू नये म्हणून पत्र्याची पन्हाळ वाकवून दिली, टोप्या थेट डब्यात.

सहा दिवस लागले. इतकं सुख मला त्या चार महिन्यांत दुसरं मिळालं नाही. दांडा ओढला की लोण्यातून जावा तसा रॅम वर, आणि वर पोचल्यावर तो हलका खटका. मुलानं फोटो काढला तो त्याच दिवशी.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

गावात मी सगळ्यांना सांगत आलो की ती प्रेस निशाणेबाजीसाठी होती. कागदाच्या लक्ष्यावर गोळ्या मारतात म्हणे, खेळ असतो. हे खोटं आहे. म्हणजे तो कागदावरही मारायचा, पण पहिल्याच दिवशी त्यानं भिंतीवरची शिंगं दाखवली होती. डायवर थर्टी-ऑट-सिक्स लिहिलेलं, 1906 सालचं ते रायफलचं काडतूस, आणि तो ते हरणासाठी भरतो हेही त्यानं हातवारे करून सांगितलं होतं. रॉक चकचं नावही मी त्याच बाकाशी ऐकलं. मला सगळं माहीत होतं. पिना काढायच्या आधीपासून माहीत होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार म्हणजे तेव्हा तिथल्या रायफलच्या शिकारीचा पहिला दिवस. नातीच्या शाळेलाही त्या दिवशी सुट्टी होती. पहाटे अंधारात शेजाऱ्याची गाडी गेली. मी विसरलो होतो असं नाही, मी दिवसभर त्याचा विचारच केला नाही. संध्याकाळी त्याचा मायक्रोमीटर परत द्यायला गेलो. तो काम संपल्यापासून माझ्याकडेच राहिला होता. शटर अर्धं वर. वाकून आत गेलो आणि सरळ उभा राहिलो तो त्याच्यासमोरच.

तुळईला उलटं टांगलेलं होतं. मागचे पाय वर, मान खाली, डोळे उघडे. खाली वर्तमानपत्रं पसरलेली. गॅरेज लहान, त्यामुळं ते प्रेसच्या बाकापासून दोन हातांवर, आणि दाराच्या वाऱ्यानं जरासं फिरत होतं. फिरलं की पाठ बाकाकडे, परत फिरलं की तोंड. थंडीमुळं वास नव्हता. माझे हात मायक्रोमीटरच्या डबीवर तसेच. तो नारिंगी जाकीट घातलेला म्हातारा आतून आला, मला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. तो सावकाश बोलला, मला कळावं म्हणून. म्हणाला, एकच गोळी. जागेवर. त्याला काहीही कळलं नाही. मग बाकाकडे बोट करून म्हणाला, तुझे बुश.

त्यानं हे आभार म्हणून सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगतो. दोन वर्षांपूर्वी जखमी होऊन गेलेल्या एका हरणाला शोधत तो अंधार पडेपर्यंत जंगलात फिरला होता, ते मिळालं नव्हतं. हे त्यानं तेव्हा सांगितलं, आणि मला पुढं काही बोलता येईना. डबी बाकावर ठेवली, नमस्कार केला, बाहेर आलो.

त्या रात्री आंघोळ करून मी माळ काढली आणि मुलाच्या देव्हाऱ्यात विठोबाच्या फोटोपुढं ठेवली. बायकोनं पाहिलं, काही विचारलं नाही. सकाळी तिनं माझ्यापुढं फक्त दूध ठेवलं, जसं उपासाला ठेवते तसं. पुढच्या रविवारी मुलगा आम्हाला पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराच्या मंदिरात घेऊन गेला, तिथंही गळा मोकळाच. माळ परत घातली ती अमळनेरला येऊन, सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानात. ज्यांच्या हातून घातली त्यांना मी कारण सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. म्हणून तुम्ही विचारता तेव्हा मला राग येतो, कारण ज्यांना अधिकार होता त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगायचं टाळलं.

तेव्हाचा मी म्हणायचो, यंत्राला पाप-पुण्य नसतं, माझ्यापुढं ढिली पिन आली, मी ती नीट केली. आज त्या माणसाला मी विचारतो: मग तू निशाणेबाजीचं खोटं का बोललास? तो गप्प बसतो. पण थोड्या वेळानं तोही मला विचारतो: तू ती पिन तशीच सोडली असतीस तर म्हातारा शिकारीला गेला नसता का? गेला असता. त्याच प्रेसवर भरलेली वाकडीतिकडी काडतुसं घेऊन गेला असता, आणि आणखी एखादं हरीण रक्त सांडत कुठंतरी जाऊन मेलं असतं. हे मी किती रात्री उलटून पाहिलं आहे. हे उत्तर मला सोयीचं आहे म्हणून मी धरून बसलोय की ते खरंच आहे म्हणून, ते मला सांगता येत नाही.

तुमच्यातल्या ज्यांनी खासगीत विचारलं, “तशी प्रेस इथं करून द्याल का?” त्यांना उत्तर सोपं आहे. नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवायचं यंत्र हे दारूगोळ्यातच धरले आहेत, आणि नुसत्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला माणसाला परवाना लागत नाही, इथं लागतो. माझ्या लेथवर ती पिन कधी चढणार नाही. यात मला विचार करावा लागला नाही.

पण तिथलं काम अपुरं राहिलं आहे. दांड्याच्या काट्यातली भोकं मी तेव्हा केली नव्हती, ती बरी होती. आता तीही खाल्ली गेलीत, असा म्हाताऱ्याचा निरोप मुलानं सांगितला. वय झालंय त्याचं, लेथवर उभं राहवत नाही. ऑक्टोबरात आम्हाला पुन्हा जायचं आहे. बायकोनं बॅगा काढून झटकून ठेवल्या आहेत. माझा अर्ध्या इंचाचा रिमर तेल लावून, कापडात गुंडाळून फडताळात आहे. तो बॅगेत टाकायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही.