वाच आणि विसर

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी कागद जमवायला लागलो. धाकट्या बहिणीने सगळ्याची मिळून एकच पीडीएफ करून पाठवली: सातबारा, आठ-अचा खातेउतारा, जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा एक पुसट फेरफार, मृत्यूचा दाखला आणि आम्हा तिन्ही भावंडांची आधार कार्डं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’च्या रकान्यात गावच्या पतपुरवठा सोसायटीचा कसलासा कर्जाचा बोजा दिसत होता. तलाठ्याला विचारायचं तर रजा टाकून गाव गाठायचं. म्हणून रात्री साडेअकराला ती फाइल एआयला दाखवली.

दाखवली म्हणतोय, दिली नाही. ‘टेम्पररी चॅट’ निवडलं होतं ना! खरं तर ‘तात्पुरतं’ या शब्दावर विश्वास ठेवण्याइतका मी भोळा नाही. आमच्या बाल्कनीवरच्या तात्पुरत्या पत्र्याने बारा पावसाळे काढलेत. इथेही मेख होतीच. चॅटजीपीटीचं टेम्पररी चॅट आपल्या यादीत दिसत नाही, मॉडेल शिकवायलाही वापरत नाहीत, पण सुरक्षेसाठी त्याची प्रत 30 दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते. म्हणजे तात्पुरतं इथे महिनाभराचं.

उत्तर मात्र चोख आलं. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, सोसायटीचा दाखला जोडून तो कमी करून घ्यावा लागतो. हेक्टर-आरचे गुंठेही करून दिले. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, हेही त्याला ठाऊक होतं. मुंबईत वाढलेल्या माझ्या भाच्याला तो पोटाचा विकार वाटला होता.

खिडकी बंद करून आडवा झालो आणि मग लख्ख जाग आली. प्रश्न होता एका रकान्याचा, उघडून दाखवली अख्खी ट्रंक. सातबाऱ्याचं काही नाही, तो महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. पण तिघांचे बारा-बारा आकडी आधार क्रमांक? त्यांचं तिथे काय काम होतं? पहिले आठ आकडे झाकलेलं आधारही मिळतं, पण ते आठवतं कधी, तर दाखवून झाल्यावर.

सकाळी दुसरी शंका आली. पुन्हा गेलो, ‘कालच्या त्या फेरफारात’ म्हणून सुरुवात केली. ओळख ना पाळख! कोणता फेरफार, कृपया फाइल जोडा. विसर म्हणून मीच बजावलेलं आणि आता विसरला म्हणून मलाच राग. आजीची पत्रं शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. पत्रातलं कुठे बोलायचे नाहीत, पण महिन्याने वाटेत भेटले की विचारायचे, “काय आजी, पोराचा खोकला थांबला का?” आजीला तेवढं लक्षात ठेवलेलं चालायचं. मलाही बहुधा तेवढंच हवं होतं.

या खेपेला आधारची पानं काढून फाइल जोडली. मग प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. 2022च्या मे महिन्यात आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं एक सरकारी पत्रक निघालं होतं आणि दोनच दिवसांत मागे घेतलं गेलं. ते टिकलं असतं तर अर्धी दुकानं बसली असती.

मी फोन काढतोय तोवर दुकानदार म्हणाला, “राहू द्या साहेब, मागच्या महिन्यात ताईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय सगळं. आहे माझ्याकडे.” त्याने अंगठ्याने वर सरकवत नेलं. कुणाचं पॅन कार्ड, कुणाचा भाडेकरार, कुणाच्या लेकीची दहावीची मार्कशीट झरझर गेली आणि माझ्या वडिलांचा दाखला आला.

“किती काढू?”

“दोन,” मी म्हणालो. “आधारच्यापण.”