तुम्ही विचारलंत म्हणून: हॅकरच का?

दर नोव्हेंबरात मी पॉल एडिंग्टनबद्दल काहीतरी लिहिते आणि दर वेळी तेच दोन प्रश्न येतात. 1995 साली गेलेल्या एका इंग्रज नटाचं तुला अजून एवढं काय? आणि 'येस मिनिस्टर'मधला खरा नट तर हम्फ्री झालेला नायजेल हॉथॉर्न, मग तू हॅकरलाच का धरून बसतेस? आता एकदाच नीट सांगते. 'येस मिनिस्टर' ही ऐंशीच्या दशकातली ब्रिटिश विनोदी मालिका. एडिंग्टन त्यात मंत्री जिम हॅकर, हॉथॉर्न त्याचा सनदी सचिव हम्फ्री. पुढच्या 'येस, प्राइम मिनिस्टर'मध्ये हाच हॅकर पंतप्रधान होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. हॉथॉर्न थोर नट होता, वादच नाही. त्या भूमिकेसाठी त्याला चार वेळा बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं आणि चारही वेळा एडिंग्टनचं फक्त नामांकन झालं. हम्फ्रीची ती मैलभर लांब वाक्यं लोकांना पाठ असतात. पण ती वाक्यं कुणाच्या तरी चेहऱ्यावर जाऊन पडतात, म्हणून आपण हसतो. तो चेहरा एडिंग्टनचा. 1981 सालचा, एकही रुग्ण नसलेल्या हॉस्पिटलचा भाग पुन्हा बघा. सुसज्ज इमारत, पाचशेच्या घरात कर्मचारी आणि खाटा रिकाम्या. व्यवस्थापिका सगळं अभिमानाने दाखवतेय आणि मंत्रिमहोदय तिच्यामागून चालताहेत. अशा वेळी आवाज बंद करून फक्त त्याच्याकडे बघा. पाहणीला आलेल्या मंत्र्याचं सवयीचं हसू ओठांवर असतं, डोळ्यांना मात्र आधीच कळून चुकलेलं असतं. वक्तृत्व अंगात आलं की हॅकरचा चर्चिल होतो, आवाज खोल जातो, आणि पुढच्या क्षणाला मतं जाण्याच्या भीतीने त्याचा चेहरा उतरतो. हे लिहून देता येत नाही, करावं लागतं. 2001 मध्ये हिंदीत 'जी मंत्रीजी' आलं तेव्हा मंत्री फारुख शेखने केला. ज्याने कुणी ती निवड केली, त्याला हॅकर म्हणजे काय ते कळलेलं होतं.

आता पहिला प्रश्न. मी तो इतकी वर्षं टाळला.

एडिंग्टनला अठ्ठाविसाव्या वर्षी मायकोसिस फंगॉइडिस झाल्याचं निदान झालं. हा त्वचेत सुरू होणारा दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच. सुरुवातीचे चट्टे इसब किंवा सोरायसिससारखे दिसतात, त्यामुळे अनेकांचं निदान वर्षानुवर्षं चुकतं. हे त्याने जवळजवळ चाळीस वर्षं लोकांपासून लपवलं. 'द गुड लाइफ' ही त्याची आधीची गाजलेली मालिका आली तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, मंत्री झाला तेव्हा बावन्न. आपण ज्या चेहऱ्याला हसत होतो, त्याचा मालक रोज आरशात काय शोधत असेल, हे कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी रूप इतकं बदललं की चर्चा सुरू झाली, आणि मग त्याने स्वतःच सांगितलं.

मला सोरायसिस आहे. कॅन्सर नाही, त्यामुळे बरोबरी करत नाही. सोरायसिस संसर्गजन्य नसतो, हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोलले असेन.

1994 मध्ये आमच्या कॉलेजची एकांकिका स्पर्धेला जाणार होती. मला निवृत्त मुख्याध्यापिकेची भूमिका होती. मुलगा खूप वर्षांनी घरी येतो, दोघं भांडतात, आणि शेवटी ती त्याच्या ताटातला वरणभात कालवून त्याला घास भरवते. एकही संवाद नाही, त्या घासावरच ब्लॅकआउट. वाचनाच्या दिवशी सगळे गप्प झाले होते. तालमी सुरू झाल्या तेव्हा थंडी पडायला लागली होती आणि थंडीत माझे हात फुटायचे. बोटांच्या पेरांवर, मनगटावर लाल चट्टे आणि त्यावर पांढरे पापुद्रे.

मुलगा झालेला सहकारी वाईट नव्हता. तो तोंड उघडायचा, पण माझी बोटं जवळ आली की त्याचे ओठ आपोआप मिटायचे. दोनतीन तालमींनंतर त्याने बसवणाऱ्या दादाला बाजूला घेतलं. दादा येऊन म्हणाला, "चमच्याने भरवशील का? जरा मॉडर्न वाटेल." आम्ही चमच्याने करून पाहिलं. शेवट पार मेला. भांडून दमलेली आई मुलाला चमच्याने भरवत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्रेक्षकांचं लक्ष हाताकडे जाईल गं." दुसऱ्या दिवशी भूमिका दुसऱ्या मुलीकडे गेली आणि मला म्युझिक ऑपरेट करायला विंगेत बसवलं.

इथपर्यंत मी सोसलं. पण तिच्या पहिल्याच तालमीत ताट आलं आणि चमचा नव्हता. कुणी काही बोललं नाही. तिने हाताने भात कालवला, मुलाने घास घेतला, दादाने टाळी वाजवली आणि मी सांगितल्याबरोबर कॅसेट सुरू केली. स्पर्धेतही सुरू केली. म्युझिकची एंट्री चुकली नाही, एवढं एकच वाक्य त्या नाटकाबद्दल मला कुणी म्हणालं.

त्याच वर्षी लंडनमध्ये एडिंग्टन त्याच्या जुन्या मित्राबरोबर, रिचर्ड ब्रायर्सबरोबर, 'होम' हे नाटक करत होता. आजाराने चेहरा बदललेला असताना, रंगमंचावर, उघडपणे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. 4 नोव्हेंबर 1995 ला तो गेला आणि मग मृत्युलेखात आजाराबद्दल वाचलं.

तुम्हाला वाटेल मला धीर आला. नाही. मला त्याचा प्रचंड राग आला. वीस वर्षांची मुलगी वर्तमानपत्र हातात घेऊन मनातल्या मनात भांडत होती: तू आधी सांगितलं असतंस तर दादाला दाखवायला माझ्याकडे एक माणूस होता. पंतप्रधान झालेला नट, आणि हे बघा त्याची कातडी!

आज मी त्या मुलीला सांगते, अगं, अठ्ठाविसाव्या वर्षी सांगितलं असतं तर तो पंतप्रधान झालाच नसता. त्यालाही कुणीतरी विंगेत बसवलं असतं. ती म्हणते, मग पंतप्रधान झाल्यावर तरी सांगायचं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. भित्रा म्हणावं तर तेही बसत नाही. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऐन तारुण्यात, शस्त्र हाती घ्यायला नकार दिला होता. त्याला घाबरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आपला आजार जगाला सांगायची सक्ती कुणावर का असावी? हे मी पोटतिडकीने म्हणते, आणि तरी मनातली ती मुलगी गप्प बसत नाही.

मृत्यूच्या थोडे दिवस आधी त्याची बीबीसीच्या 'फेस टू फेस' या कार्यक्रमातली मुलाखत दाखवली गेली. डागाळलेला चेहरा कॅमेऱ्यासमोर, तसाच. आपल्या समाधीवर काय लिहिलेलं आवडेल यावर तो म्हणाला, त्याने फारच कमी नुकसान केलं, एवढं पुरे. आणि हे सोपं नाही, बहुतेक लोक बरंच नुकसान करतात.

मी ती मुलाखत दर नोव्हेंबरात बघते. दादाला, त्या सहकाऱ्याला बहुतेक काही आठवतही नसेल. एडिंग्टनच्या गप्प राहण्याने माझं नुकसान झालं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण तो कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागला की माझी नजर त्याच्या डागांकडे जात नाही. डोळ्यांकडे जाते, हॅकर बघताना जायची तशीच.