तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनहॅटन बीचलाच का?

गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळीच्या फराळाला, आर्टिशियाच्या दुकानात पोह्यांची पाकिटे उचलतानाही मला एकच प्रश्न विचारला जातो: जिथे आपले कुणी नाही त्या लॉस एंजेलिसजवळच्या महागड्या समुद्रकाठच्या गावात, मॅनहॅटन बीचला, तुम्ही भाड्याने का राहता, तेवढ्या भाड्यात अर्वाइन शहरात स्वतःच्या घराचा हप्ता भागला असता. आजवर मी शाळांचे नाव पुढे केले. शाळा चांगल्या आहेत आणि नवऱ्याची नोकरी शेजारच्या एल सेगुंडोत आहे, हे खरेच. पण मी रत्नागिरीची, आणि बारा वर्षे टेक्सासात काढल्यावर इथे पुन्हा गाज कानावर पडली, सूर्य पुन्हा समुद्रात बुडताना दिसला, तेव्हा भाड्याचा आकडा मी नीट ऐकूनही घेतला नाही.

सुमारे 35 हजार वस्तीचे हे गाव सरसकट धनाढ्यांचे आहे, असे मात्र म्हणू नका. कॅलिफोर्नियातल्या 1978 च्या प्रॉपोझिशन 13 या मालमत्ता कराच्या नियमामुळे घर विकले जाईपर्यंत त्याचे करपात्र मूल्य एरवी वर्षाला 2 टक्क्यांहून अधिक वाढत नाही, म्हणूनच आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक पतीपत्नी अजून इथे टिकून आहेत. त्यांच्यासारख्या नव्या शिक्षकाला मात्र आज इथे घर घेता येणार नाही, हेही मला मान्य केले पाहिजे.

आई आली होती त्या वर्षीची गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आमच्या गल्लीत मोटारींना मज्जाव आहे. घरांच्या दोन रांगांमधून पायवाट थेट वाळूकडे उतरते. आई रोज सकाळी नातीची बाबागाडी घेऊन तिथे फिरत असे. एके दिवशी मी टोपी द्यायला मागून गेले, तर एक बाई तिला अगदी गोड शब्दांत विचारत होती की तुम्ही कोणत्या घरी कामाला आहात आणि दुपारी मोकळ्या असता का. आईने उत्तर देण्याआधीच मी कडाडले: ही माझी आई आहे, ती मुख्याध्यापिका होती, आणि हे घर आमचे आहे. यातले शेवटचे वाक्य खोटे होते. ती बाई लाजेने लाल झाली आणि मनापासून क्षमा मागून गेली. पण समोरच्या घरातली मुले सांभाळणारी बाई फाटकाशी उभी राहून सारे ऐकत होती. आईला ती रोज हसून हात करत असे. दुसऱ्या दिवशी तिने मान वळवली.

रात्री आई म्हणाली, "मी नात सांभाळायलाच आले आहे ना? तिने काम विचारले, त्यात कमीपणा कसला? तू समोरच्या घरातल्या त्या बाईसमोर काय बोललीस ते बघ." मी वाद घातला. तुझा रंग पाहूनच वाटेवरच्या बाईने तो प्रश्न विचारला, असे मी म्हणाले, आणि ते मला आजही खरे वाटते.

त्याच आठवड्यात आईला ब्रूसेस बीचच्या उद्यानात नेले. तिथला फलक तिने सावकाश वाचला. मी त्यावरून कित्येक वर्षे नुसती धावत गेले होते. 1912 मध्ये विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने इथे जागा घेऊन समुद्रस्नानाला येणाऱ्या आपल्या लोकांसाठी विश्रामगृह चालवले. 1924 मध्ये गावाने बाग करण्याच्या नावाखाली ती जागा सक्तीने ताब्यात घेण्याचे ठरवले, आणि बाग कित्येक दशके झालीच नाही. पुढे काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, हाती आलेली ती जमीन 2022 मध्ये काउंटीने वारसांना परत दिली; पुढच्या वर्षी त्यांनी ती जवळजवळ 2 कोटी डॉलरला काउंटीलाच विकली. गावात कृष्णवर्णीय आजही शंभरात एक नाहीत. अपमान फक्त माझाच झाला, अशा थाटात मी त्या सकाळी बोलले होते.

मग सोडून का जात नाही, असे तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हणते आणि संध्याकाळी पुन्हा वाळूवर जाऊन बसते. भाडेकरार जूनमध्ये संपतो आणि नव्या करारावर अजून सही केलेली नाही. आई फोनवर अधूनमधून विचारते, समोरची ती बाई दिसते का. त्या घरातली मुले मोठी झाली आहेत. ती आता येत नाही.