अण्णांचे श्रवणयंत्र

गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १९ दिवस होते आणि त्यांतील पहिले ९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. दाखल करतानाच त्यांचे घड्याळ, कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्र एका पिशवीत घालून आमच्या हाती दिले गेले, आम्ही पोच म्हणून सही केली आणि ती पिशवी घरच्या कपाटात जाऊन पडली. त्यानंतर आमच्या वाट्याला दुपारची पाच मिनिटांची भेट, संमतिपत्रांवरील सह्या आणि बिलाच्या खिडकीवरचे हेलपाटे एवढेच उरले.

व्हेंटिलेटरची नळी काढल्यानंतर अण्णा बरळू लागले, नाकातली नळी ओढू लागले, म्हणून त्यांचे हात बांधण्यात आले. वयस्कर रुग्णांना, विशेषतः व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांना, असा भ्रम पुष्कळदा होतो, असे डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरेच होते. पण ‘सूचना पाळत नाहीत’ हे त्यांचे पुढचे वाक्य मला खटकले. परिचारिका अक्षरे उच्चारते आणि ठरावीक अक्षर आले की रुग्णाने तिचा हात दाबायचा, अशी लक्ष तपासण्याची एक चाचणी असते. जवळजवळ बहिऱ्या माणसाची ही परीक्षा यंत्राविना घेतली जात होती, आणि ते त्यांना सांगू शकणारे आम्ही सगळे दाराबाहेर बसलो होतो!

मी यंत्र आणि चष्मा आणून दिला. भ्रम त्याने लगेच गेला नाही, आणखी तीन दिवस लागले, परंतु त्या संध्याकाळी अण्णांनी सांगितल्याबरोबर हात दाबला. मग विभागप्रमुखांनी मला सकाळ-संध्याकाळ एकेक तास आत बसण्याची मुभा दिली. संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांना बाहेर ठेवतात, असे मला तोवर वाटत होते. प्रत्यक्षात आमच्या चपलांकडे जेवढे लक्ष होते तेवढे हात धुण्याकडे नव्हते. अमेरिकेतील सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबीयांना मोकळेपणाने आत येऊ द्यावे, अशी शिफारस केली आहे, हे मी नंतर वाचले.

आत माझे काम साधे होते: आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, हे सांगत राहणे आणि ओल्या स्पंजने त्यांचे तोंड पुसणे. सर्वांत कठीण होते पाणी नाकारणे. गिळण्याची तपासणी होईपर्यंत एक थेंबही द्यायचा नव्हता, नाहीतर तो फुप्फुसात जाण्याचा धोका होता, आणि अण्णा तर माझ्याकडे हात जोडून पाणी मागत होते. एकदा मी उठून बाहेर गेले, रडले आणि परत येऊन बसले.

तपासणी झाल्यावर त्यांना पहिला चमचा मीच भरवला. तोवर रात्रपाळीच्या सिस्टरांनी खाटेवरच्या फलकावर लिहून ठेवले होते: ‘यंत्र उजव्या कानात. त्याच बाजूने बोलावे.’